कोणाच्या डोक्यात, कोणाची तार

मेंदूत यंत्र बसवण्याच्या कल्पनेवर इंग्रजीत गेल्या साठ वर्षांत भरपूर विज्ञानकथा लिहिली गेली. तिच्यावरची समीक्षा वाचताना एकच सूर पुन:पुन्हा कानावर येतो: डोक्यात तार गेली की माणसाचे स्वातंत्र्य संपले, ‘मी’ उरला नाही. हे म्हणणे खोटे आहे असे नाही. पण ते कोण म्हणतो आहे तेही पाहिले पाहिजे. आपले मन आजवर आपल्याच मालकीचे होते अशी ज्याची खात्री आहे, त्याचे हे भय आहे. ज्याचे हात, पाठ आणि झोप पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हिशोबात धरली गेली, त्याला पहिला प्रश्न वेगळा पडेल. तार कोणाच्या डोक्यात जाणार, आणि तिचे दुसरे टोक कोणाच्या हातात राहणार? हा प्रश्न हाताशी धरून वाचले की काही गाजलेल्या कृती एकदम उण्या वाटू लागतात आणि काही बाजूला पडलेल्या मोठ्या होतात.

सुरुवात मायकेल क्रायटन यांच्या ‘द टर्मिनल मॅन’ या 1972 च्या कादंबरीपासून करू. हॅरी बेन्सन हा संगणकतज्ज्ञ. त्याला एका विशिष्ट प्रकारचे फेफरे येते आणि त्या झटक्यात तो हिंसक होतो. लॉस एंजलिसच्या रुग्णालयातले शल्यविशारद त्याच्या मेंदूत चाळीस इलेक्ट्रोड बसवतात. झटका येऊ लागला की यंत्राने मेंदूला सुखद धक्का द्यायचा आणि झटका परतवायचा, अशी योजना. मानसोपचारतज्ज्ञ जॅनेट रॉस विरोध करते, पण तिचे कोणी ऐकत नाही. पुढे बेन्सनचा मेंदू त्या सुखाला चटावतो, ते मिळावे म्हणून झटके ओढवून घेऊ लागतो, आणि माणसे मरतात. कादंबरी वेगवान आहे, वैद्यकीय तपशील चोख आहे. क्रायटन स्वत: हार्वर्डला वैद्यक शिकलेला होता. समीक्षकांनी तिला यंत्रापुढे हतबल झालेल्या माणसाची कथा म्हटले आणि विषय मिटवला.

पण ही कादंबरी आकाशातून पडलेली नाही. जुलै 1967 मध्ये डेट्रॉइट शहरात काळ्या वस्तीचा उठाव झाला आणि त्यात 43 माणसे मेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी व्हर्नन मार्क, विल्यम स्वीट आणि फ्रँक एर्विन या बॉस्टनच्या तीन डॉक्टरांचे पत्र अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: दारिद्र्य, बेकारी, गलिच्छ वस्ती ही कारणे उघडच आहेत, पण वस्तीत लाखो लोक राहतात आणि जाळपोळ थोडेच करतात. मग त्या थोड्यांच्या मेंदूत काही बिघाड आहे काय, हे तपासायला नको काय? मार्क आणि एर्विन यांनी हिंसक रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले होते, आणि 1970 मध्ये त्यावर ‘व्हायलन्स अँड द ब्रेन’ हे पुस्तक लिहिले. क्रायटन शिकत होता ते याच वर्तुळात.

हे पत्र माहीत असलेल्या वाचकाला कादंबरीत एक मोठे भगदाड दिसते. डॉक्टरांच्या शोधाचे टोक वळले होते काळ्या वस्तीकडे. क्रायटनने शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवला सुशिक्षित, चांगल्या नोकरीतला माणूस. भय खरे होते, ते ज्यांच्या वाट्याला येणार होते त्यांच्यापासून काढून मध्यमवर्गाला दिले गेले. उठाव गेला, वस्ती गेली, उरले फेफरे. अन्यायाविरुद्ध उठलेल्या माणसाला रोगी ठरवणे ही सत्तेची जुनी युक्ती आहे. या नियतकालिकाच्या वाचकाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. क्रायटनने ती युक्ती समोर असूनही पाहिली नाही, हा माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप.

विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही 1984 ची कादंबरी या प्रकाराची पोथीच मानली जाते. तिचा नायक केस संगणकांच्या जाळ्यात मनाने शिरतो आणि स्वत:च्या देहाला मांस म्हणून तुच्छ लेखतो. तरुण वाचक यावर खूष असतात. माझे विद्यार्थीही अपवाद नाहीत. मात्र देहाला तुच्छ लेखणे ही चैन आहे. ती कोणाला परवडते, याचे उत्तर याच कादंबरीत आडबाजूला पडलेले आहे. केसची साथीदार मॉली हिच्या अंगात महागडी यंत्रे आहेत. त्यांचे पैसे तिने कसे उभे केले? तिच्या मेंदूत जाणीव बंद करणारी चकती बसवली गेली आणि देह गिऱ्हाइकांना भाड्याने दिला गेला. काम चालू असताना ती ‘तिथे’ नसे. पुढे ते काम तिच्या स्वप्नांत पाझरू लागले, आणि एके रात्री ती मध्येच जागी झाली तेव्हा काय दिसले ते इथे सांगत नाही. गिब्सनने या गोष्टीला फार थोडी जागा दिली आहे. समीक्षेने तर तीही दिली नाही, जाळ्यातल्या निऑन प्रकाशावरच ती पाने भरत राहिली. माझ्या मते कादंबरीचे मर्म त्या थोड्या ओळींतच आहे. मजुराकडून देह घ्यायचा आणि त्याची तक्रार करणारे मन बाहेर ठेवायचे, हे मालकाचे स्वप्न तिथे नागडे उभे आहे.

2022 पासून दाखवली जाणारी ‘सेव्हरन्स’ ही मालिका याच कल्पनेवर बेतलेली आहे. मेंदूतील चकतीमुळे कचेरीतला माणूस आणि घरचा माणूस एकमेकांना ओळखत नाहीत. कचेरीतल्याला राजीनामासुद्धा देता येत नाही. बांधणी देखणी आहे, पण राबणारा आणि त्याच्या राबण्यावर जगणारा एकाच कातडीत कोंबल्यामुळे भांडण माणसाचे स्वत:शीच होऊन बसते. प्रत्यक्षात ही दोन वेगळी माणसे असतात आणि वेगळ्या वस्तीत राहतात.

ती दोन माणसे दोन देशांत उभी करण्याचे काम अ‍ॅलेक्स रिवेरा यांच्या ‘स्लीप डीलर’ (2008) या चित्रपटाने केले. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातला मेमो हा शेतकऱ्याचा पोरगा. गावची नदी कंपनीने धरण बांधून ताब्यात घेतली आहे. पाणी विकत घ्यावे लागते. बाप मारला जातो, मेमो सरहद्दीवरच्या तिहुआना शहरात येतो, अंगात छिद्रे पाडून घेतो, आणि मज्जातंतूंना तारा जोडून तिथूनच अमेरिकेतल्या बांधकामावरचे यंत्रमानव चालवतो. अमेरिकेला त्याचा घाम हवा आहे, तो स्वत: नको आहे. सरहद्दीवर भिंत तशीच, मजुरी मात्र तारेतून पलीकडे जाते. फार वेळ राबले की दृष्टी जाते. त्याच्या स्पर्शावाचून काम करून घेण्याची ही सोय पाहताना मला विज्ञानकथा पाहत आहोत असे क्षणभरही वाटले नाही.

एम. टी. अँडरसन यांच्या ‘फीड’ (2002) या किशोरांसाठीच्या कादंबरीबद्दल दोन शब्द. मेंदूतल्या यंत्रातून जाहिराती, बातम्या, गप्पा सतत वाहत असतात. व्हायोलेटचे वडील प्राध्यापक. यंत्र नसल्यामुळे एका मुलाखतीत ते हास्यास्पद ठरतात आणि मुलीच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून तिच्या डोक्यात उशिरा, स्वस्तातले यंत्र बसवून घेतात. पोटाला चिमटा काढून पोराला चांगल्या शाळेत घालणाऱ्या बापांची आठवण होते. पुढे यंत्र बिघडते. व्हायोलेटने खरेदीच्या बाबतीत कंपनीला मुद्दाम चकवलेले असते. गिऱ्हाईक म्हणून तिचा भरवसा नाही, म्हणून कंपनी दुरुस्तीचा खर्च नाकारते आणि मुलगी संपते. अतिशयोक्ती वाटते? अमेरिकेतील सेकंड साइट या कंपनीने 350 हून अधिक अंधांच्या डोळ्यांत दृष्टीसाठी यंत्रे बसवली होती. धंदा परवडेना तेव्हा तिने त्यांची देखभाल सोडली, आणि 2022 मध्ये हे उघडकीस आले. यंत्र डोळ्यातच राहिले, ते जाणणारा मागे राहिला नाही. कंपवाताच्या रुग्णांना मेंदूतील इलेक्ट्रोडने खरा आराम मिळतो हे मी नाकारत नाही. न्यूरालिंक कंपनीने जानेवारी 2024 मध्ये पहिल्या माणसाच्या मेंदूत यंत्र बसवले, त्याने लुळ्या माणसाला संगणक चालवता आला, हेही खरे. पण व्हायोलेटचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आता सॅम्युएल डेलनी. हार्लेममध्ये 1942 साली जन्मलेला हा काळा लेखक या विषयात सर्वांच्या पुढे गेला, असे मला वाटते. ‘नोव्हा’ (1968) मध्ये माणसांच्या मनगटांत आणि कण्यात खोबणी आहेत. यंत्राला थेट जोडून घेऊन ते काम करतात. कामगार आणि त्याचे काम यांच्यातली फारकत यामुळे मिटली, असे त्या जगाचे तत्त्वज्ञान आहे. खोबणी नाकारणाऱ्या जिप्सींचा मात्र त्या जगात छळ झालेला आहे, ही नोंद डेलनी करून ठेवतो. तरी कादंबरीचा एकूण स्वर आशेचा आहे.

सोळा वर्षांनी ‘स्टार्स इन माय पॉकेट लाइक ग्रेन्स ऑफ सँड’ (1984) आली तेव्हा ती आशा उरलेली नव्हती. एकोणीस वर्षांचा एक निरक्षर, वाया गेलेला समजला जाणारा पोरगा संस्थेच्या दारात येतो. मेंदूवरच्या एका प्रक्रियेने त्याची सारी तगमग कायमची जाईल. तो गुलाम होईल, पण सुखी होईल, असे त्याला प्रामाणिकपणे सांगितले जाते. तो हो म्हणतो. कोणी जबरदस्ती करत नाही. या होकाराला संमती म्हणायचे काय? माझ्या वडिलांनी न वाचता येणाऱ्या कागदांवर अंगठे दिलेले आहेत, त्यामुळे मला हा प्रसंग पुन:पुन्हा वाचावा लागला. गुलामी सुखाची वाटावी म्हणून डोक्यात तार घालावीच लागते असे नाही, हे आपण जाणतो. डेलनीने ते काम शस्त्रक्रियेवर सोपवल्यामुळे एरवी न दिसणारी गोष्ट दिसू लागते.

पुढे हा रॅट कोर्गा एका संस्थेकडून दुसरीकडे विकला जातो, राबतो. एक बाई त्याला बेकायदा विकत घेते, आपल्या सुखासाठी. त्याच्या हातात ती एक हातमोजा घालते; तो मेंदूला ज्ञानाच्या साठ्याशी जोडणारा आहे. आणि कोर्गा वाचू लागतो. एका दमात ग्रंथांमागून ग्रंथ, त्याच्या जगाने त्याच्यापासून लांब ठेवलेले सगळे. इथे लेखकाने यंत्राला सरसकट शत्रू ठरवलेले नाही. तगमग काढून घेणारे आणि अक्षर हाती देणारे, दोन्ही मेंदूवरचेच उपाय. पहिला राजमान्य आहे, दुसरा गुन्हा. म्हणून प्रकरण उघडकीस येते तेव्हा हातमोजा काढून घेतला जातो आणि कोर्गाला कामावर परत पाठवले जाते. हा सगळा भाग कादंबरीची केवळ प्रस्तावना आहे. उरलेल्या पसरट भागापेक्षा तो कितीतरी सरस उतरला आहे. त्या कथेचा दुसरा खंड लिहिण्याचे डेलनीने ठरवले होते, तो पूर्ण झाला नाही.