‘लिसनिंग टू प्रोझॅक’ : औषध आणि उपपत्ती

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ पीटर क्रेमर यांचा ‘लिसनिंग टू प्रोझॅक’ हा ग्रंथ १९९३ साली प्रसिद्ध झाला. फ्लुओक्सेटिन हे विषादरोधक औषध ‘प्रोझॅक’ या नावाने अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस संमत झाले होते. औषधाने रुग्णांत घडणाऱ्या पालटावरून मनुष्यस्वभावाविषयी काय कळते, हा ग्रंथाचा विषय होय.

टेस या रुग्ण स्त्रीचा वृत्तांत हे त्याचे मर्मस्थान. औषधाने ती मोकळी व आत्मविश्वासपूर्ण झाली. ते थांबविल्यावर पुढे आपण आपल्या उरलो नाही, असे तिला वाटू लागले. येथे ‘आपण’ या सर्वनामाचा निर्देश कोणाकडे? वर्षानुवर्षे खिन्न असलेल्या स्त्रीकडे, की अलीकडच्या प्रसन्न स्त्रीकडे? हा प्रश्न उभा करण्यात क्रेमर यांचे यश आहे.

तथापि परिणामावरून कारण ठरविण्याची ग्रंथाची पद्धती निर्दोष नाही. लेखकाने अधूनमधून सावधगिरी दाखविली असली, तरी तिचा ओघ तिकडेच आहे. औषधाने ताप उतरतो, म्हणून त्या औषधाच्या अभावी ताप येतो असे ठरत नाही. ‘रासायनिक असंतुलन’ हे रूपक अशाच अनुमानावर पोसले गेले. सेरोटोनिनच्या न्यूनतेने विषाद जडतो यास सुसंगत पुरावा नाही, असा निष्कर्ष जोआना मॉनक्रीफ व सहकाऱ्यांनी २०२२ साली काढला.

परंतु रूपक खोटे ठरले म्हणून औषध निरुपयोगी ठरते, हे अनुमानही तितकेच सदोष होय. आंद्रेआ चिप्रियानी व सहकाऱ्यांनी २०१८ साली ५२२ चाचण्यांचा परामर्श घेतला. तीव्र विषादाच्या प्रौढ रुग्णांत २१ ही औषधे निरौषधी गोळीहून सरस ठरली. मात्र सरासरी लाभ माफक होता आणि बहुतेक चाचण्या अल्पमुदतीच्या होत्या. मळमळ, निद्रेतील बिघाड, कामेच्छेचा ऱ्हास हे ज्ञात उपद्रव आहेत. आत्महत्येच्या विचारांविषयीचा अमेरिकेतील इशारा २००४ साली मुलांपुरता होता. २००७ साली तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांस लागू झाला. औषध एकाएकी सोडल्यास घेरी, चिडचिड, विजेच्या झटक्यासारख्या संवेदना उद्भवू शकतात. म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखाली क्रमाक्रमाने कमी करावे लागते.

उपपत्ती ढासळल्याचे वाचून गोळ्या टाकून देणारा रुग्ण आणि रूपकावर विसंबून त्या निर्धास्तपणे घेत राहणारा रुग्ण, दोघेही एकाच तर्कदोषाचे बळी होत. क्रेमर यांचा ग्रंथ आजही वाचनीय आहे. मात्र त्यातील वृत्तांत आणि त्यावरून काढलेले अनुमान ही वेगळी ठेवूनच तो वाचला पाहिजे.