झुंजार, समर्थ आणि उसातला बिबट्या

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात पारगाव दोन आहेत. एक जुन्नर तालुक्यात, आळ्याच्या बाजूला. दुसरे आंबेगाव तालुक्यात, अवसरीच्या बाजूला. या दुसऱ्या पारगावच्या दत्तात्रयनगरात भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. सगळ्या पट्ट्यात ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. अंधार पडल्यावर मोटार चालू करायला जाणारा शेतकरी बॅटरी आणि काठी घेतो आणि मोठमोठ्याने बोलत चालतो. थोड्या अंतरावर नारायणगावजवळ खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आसपासच्या शिवारांत दूरवर पसरलेल्या. पश्चिमेला नाणेघाटात सातवाहनांच्या राणीचा शिलालेख, तर घोड नदीवर डिंभे धरण आणि त्याच्या पाण्याखाली गेलेली गावे. भय, रहस्य आणि विज्ञान या तिन्ही प्रकारच्या कथांना लागणारा ऐवज इतक्या लहान टापूत क्वचितच एकत्र सापडेल.

याच टापूतल्या एखाद्या पुस्तकवेड्याच्या संग्रहात मात्र वेगळा भूगोल दिसतो. बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांत मुंबईचे रस्ते आणि गुन्हेगारांचे अड्डे, नारायण धारपांच्या पुस्तकांत कुणीतरी वारशाने मिळवलेला ओसाड वाडा, जयंत नारळीकरांच्या पुस्तकांत प्रयोगशाळा आणि परिषदा. वाचकाची आवड चौफेर आहे. तिन्ही लेखक तो सारख्याच ओढीने वाचतो. या तिघांना मराठी साहित्यव्यवहाराने दिलेली वागणूक मात्र सारखी नाही, आणि मराठी लोकप्रिय कथेची आजची अवस्था समजून घ्यायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

मुळात मराठी कादंबरीचा जन्मच अद्भुताच्या अंगणात झाला. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’नंतर (१८५७) चारच वर्षांनी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, आणि पुढची काही दशके वाचकांनी योगायोग, कारस्थाने आणि सुटकांनी भरलेल्या गोष्टीच उचलून धरल्या. गो. ना. दातारशास्त्रींनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्या अशा बेमालूमपणे मराठी मातीत रुजवल्या की वाचकाला परकेपणा जाणवलाच नाही. १९००च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नची चांद्रसफर मराठीत आली. पुढे भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला, तर भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. या परंपरेचा पाया रूपांतरांचा आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. त्यात उणेपणा नाही. मात्र कोणी कशावरून काय घेतले, ही नोंद बहुतेक पुस्तकांत नाही, ही उणीव खरी आहे.

भागवतांनी अनुवादापलीकडची एक गोष्ट केली. त्यांनी बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे हा पोरगा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा केला. सडपातळ, सायकलवेडा, आश्चर्य वाटले की ‘ट्टॉक’ करणारा हा मुलगा पुण्यात शिकायला येतो आणि गुन्हेगारांच्या मागे लागतो. मराठी साहसकथेच्या नायकाला जिल्ह्यातल्या खऱ्याखुऱ्या गावाचा पत्ता मिळाला. तो इतका पक्का होता की २०१७ साली चित्रपटात फेणे मोठा होऊन आला, तेव्हा प्रेक्षकांना त्याची ओळख करून द्यावी लागली नाही.

प्रौढांपर्यंत लोकप्रिय कथा पोचवण्याचे काम दिवाळी अंकांनी आणि मासिकांनी केले. १९०९मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. अनंत अंतरकरांनी १९४६ साली ‘हंस’ सुरू केला आणि पुढे ‘मोहिनी’ व ‘नवल’ही काढले. त्यातला ‘नवल’ म्हणजे गूढ, भय आणि विज्ञान यांचे हक्काचे घर. ‘धनंजय’ आणि ‘चंद्रकांत’ यांनी रहस्याच्या वाचकाला दर दिवाळीला भरपेट मजकूर पुरवला. या अंकांनी लेखकाला मुदत दिली, मानधन दिले आणि ठरलेला वाचक दिला. गावोगावची खासगी वाचनालये हेच अंक वर्षभर भाड्याने फिरवत आणि पाने सुटली की पुन्हा शिवून घेत.

अर्नाळकर या व्यवस्थेचे सर्वांत मोठे नाव. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत आणि त्या विक्रमाची दखल गिनीजनेही घेतली. झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक कायद्याच्या थोडे पलीकडे उभे राहून दुर्जनांना धडा शिकवतात. छोटी प्रकरणे, बिनअलंकारिक वाक्ये, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी नवा पेच. नुकतेच अक्षर लागलेल्या कामगारापासून कॉलेजातल्या मुलापर्यंत सगळ्यांना पेलणारे हे गद्य होते. मराठी वाचणाऱ्यांची संख्या वाढवण्यात अर्नाळकरांचा वाटा अनेक सन्मानित कादंबरीकारांपेक्षा मोठा आहे. दोषही उघड आहेत. इतक्या वेगाने लिहिताना माणसे पुठ्ठ्याची होतात, खलनायक एका ठशाचे निघतात आणि उकल पुष्कळदा तर्कापेक्षा योगायोगावर होते. गुरुनाथ नाईकांनी हाच वेग पुढे चालवला आणि गोलंदाज, कॅप्टन दीप असे नायक दिले. सुहास शिरवळकरांनी फिरोझ इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद यांना बोलण्याची खास ढब दिली. संवादाच्या बाबतीत रहस्यकथा त्यांच्या हातात तरुण झाली.

भयकथेत धारपांची कामगिरी अधिक खोल आहे. त्यांचा समर्थ हा अमानवी शक्तींशी झुंजणारा नायक आहे. पण धारपांचे खरे बळ आहे ते संथपणे वातावरण उभे करण्यात. हिशेबी, नोकरदार, विश्वासार्ह माणूस निवेदक म्हणून घ्यायचा, त्याच्या रोजच्या दिनक्रमाचे तपशील द्यायचे आणि मग एकच तपशील किंचित चुकवायचा. स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून त्यांनी ‘लुचाई’ बेतली आणि किंगच्याच एका कथेवरून ‘आजी’. रत्नाकर मतकरींनी ‘खेकडा’सारख्या कथांतून भय बाहेरच्या शक्तीकडून काढून माणसाच्या मनात आणून ठेवले. त्यांच्या उत्तम गूढकथांत भूत नसते, असूया असते, सूड असतो, लहान मुलाची क्रूरता असते.

विज्ञानकथेचा प्रवास निराळा झाला. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. १९७४मध्ये तिच्यासाठी ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे नाव म्हणजे जयंत विष्णू नारळीकरांची आद्याक्षरे उलटी करून घेतलेला बुरखा होता. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. १९७९मध्ये ‘यक्षांची देणगी’ आली. पुढे ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या आल्या. २०२१च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपदही नारळीकरांना मिळाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले, तेव्हा महाराष्ट्राने शास्त्रज्ञाइतकाच कथालेखकही गमावल्याची भावना होती.

रहस्यकथा किंवा भयकथा हीच ज्याची ओळख, असा लेखक मात्र संमेलनाचा अध्यक्ष कधी झाला नाही. फरक गुणवत्तेचा असता तर तक्रार नव्हती. विज्ञानकथेला मान मिळाला तो मुख्यतः विज्ञानप्रसाराच्या पायी. ती काहीतरी शिकवते, म्हणून तिला दिवाणखान्यात जागा. रहस्यकथा नुसती वाचायला लावते, म्हणून ती उशीखाली.

या मानाची किंमत विज्ञानकथेने मोजली. शिकवण्याची जबाबदारी आली की पात्रे एकमेकांना पाठ देऊ लागतात. दोन शास्त्रज्ञ परस्परांना ठाऊक असलेलीच गोष्ट पानभर समजावून सांगतात, कारण ती वाचकाला सांगायची असते. दुय्यम विज्ञानकथांचा हा जुना रोग आहे आणि नारळीकरांच्याही काही कथा त्यातून सुटलेल्या नाहीत. सुटले ते लेखक ठळकपणे उठून दिसतात. लक्ष्मण लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ मरू घातलेल्या शास्त्रज्ञाच्या मेंदूची गोष्ट सांगताना नैतिक पेच धरून ठेवते. ब्रायन ऑल्डिस आणि सॅम लुंडवाल यांनी संपादित केलेल्या पेंग्विनच्या जागतिक विज्ञानकथासंग्रहात (१९८६) ती निवडली गेली. सुबोध जावडेकरांनी ‘आकांत’मध्ये भोपाळची वायुदुर्घटना घेतली आणि तंत्रज्ञानाबरोबर निष्काळजीपणाचीही चिकित्सा केली. शुभदा गोगट्यांनी ‘यंत्रायणी’ लिहिली. बाळ फोंडके, निरंजन घाटे आणि नंतरच्या पिढीत मेघश्री दळवी यांनी हा प्रवाह वाहता ठेवला.

भय आणि रहस्य यांच्याकडून कुणी कसली अपेक्षाच ठेवली नाही. त्यामुळे त्यांना मोकळीक मिळाली आणि त्यांचे नुकसानही झाले. मोकळीक अशी, की धारप आणि मतकरी हवे तितके काळेकुट्ट लिहू शकले. नुकसान असे, की त्यांना टीकाकारच मिळाला नाही. चांगल्या अर्नाळकरी कथेला वाईट अर्नाळकरी कथेपासून वेगळे काढणारे समीक्षण कोणी सातत्याने लिहिले नाही. लोकप्रिय कथेचा बारकाईने विचार झाल्याचे ठळक उदाहरण सापडते ते न्यायालयात. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले. कादंबरी समग्र वाचून, तिच्या हेतूचा विचार करून निर्णय देण्याचे जे काम न्यायमूर्तींनी केले, ते समीक्षकांचे होते.

गेल्या पंधरा वर्षांत या जुन्या कपाटाकडे पहिल्यांदा वळले ते चित्रपटवाले. शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर २०१३मध्ये चित्रपट आला, ‘समांतर’वर २०२०मध्ये वेबमालिका. ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाने नाव घेतले श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आणि भयाचे बीज धारपांच्या ‘आजी’वरून. २०२४मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षाही मोठी गर्दी खेचली. धारपांची पुस्तके नव्या आवृत्त्यांत मिळू लागली. राजहंस प्रकाशनाने सतीश भावसारांनी संपादित केलेले निवडक अर्नाळकर पुन्हा वाचकांपुढे ठेवले. २०१७मध्ये भारतात आलेल्या स्टोरीटेलने रहस्य आणि भय यांना कानांची वाट खुली करून दिली. कथाकथनाची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला ती मानवली.

नव्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांचे नाव आधी घ्यावे लागते. ‘दंशकाल’मध्ये त्यांनी कोकणातल्या कुटुंबाचा दीर्घ इतिहास आणि भय असे गुंफले की ती ‘नुसती भयकादंबरी’ म्हणून बाजूला सारता येत नाही. पण त्यांच्यामुळेच एक प्रश्न टोकदार होतो. मराठी भयाला कोकणाचीच इतकी सवय का? माड, विहीर, पाऊस, बंद खोली एवढे मांडले की लेखकाचे निम्मे काम आपोआप होते, आणि पुष्कळ जण तेवढ्यावरच थांबतात. देशावरचे भय वेगळे आहे. ते उघड्या माळावरचे, विजेच्या वेळापत्रकाचे आणि उसाच्या सळसळीचे आहे, आणि ते अजून फारसे लिहिले गेलेले नाही.

जुन्नरचेच उदाहरण घ्यावे. या शतकाच्या सुरुवातीला तालुक्यात बिबट्यांचे माणसांवरचे हल्ले अचानक वाढले. उपाय म्हणून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात येत होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा निष्कर्ष निघाला की अशा स्थलांतरानेच हल्ल्यांना हातभार लावला होता. उपायच कारण ठरला होता. संशय एकावर, पुरावा दुसरीकडे, आणि उकल तपास करणाऱ्यांच्याच दारात येऊन थांबते. याहून नेमकी रहस्यकथेची बांधणी कोणती? २००९मध्ये माळशेज घाटात सोडलेला एक बिबट्या थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला. त्याच्यावर २०१४ साली ‘आजोबा’ हा चित्रपट निघाला. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रापासून खोडदच्या तबकड्यांपर्यंतचा हा सगळा ऐवज कादंबरीकाराची वाट पाहतो आहे. तो लिहायला पुण्यामुंबईची पाठ्यपुस्तकी भाषा पुरणार नाही. पिंजरा लागल्यावर वस्तीवर जे बोलले जाते, ती बोली लागेल.

मराठी लोकप्रिय कथेकडे वाचक आहे आणि लेखणीही आहे. कमतरता आहे ती जतनाची आणि परखड वाचनाची. प्रकाशकांनी नव्या आवृत्तीत पहिल्या प्रकाशनाचे वर्ष, मूळ अंक आणि रूपांतर असल्यास मूळ कृती छापावी. विद्यापीठांनी धारप, शिरवळकर, अर्नाळकर अभ्यासाला घ्यावेत आणि त्यांची गय करू नये. १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या तालुक्या-तालुक्यांतल्या ग्रंथालयांनी ‘नवल’, ‘हंस’, ‘धनंजय’, ‘चंद्रकांत’ यांचे जुने अंक रद्दीत न काढता सूचीत नोंदवावेत. आणि ज्यांच्या माळ्यावर असे अंक बांधून ठेवलेले आहेत, त्यांनी ते विकण्याआधी एकदा जवळच्या ग्रंथपालाला दाखवावेत.