एका ‘खट्’चं रसग्रहण

रसग्रहणासाठी घेतलेली कृती एकाच शब्दाची आहे: खट्. कर्ता अज्ञात. उगम माझ्या बारा वर्षं जुन्या छोट्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकापाशी कुठेतरी. पावसाळा सरत आला होता. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला पोचेपर्यंत मी तो शब्द इतक्यांदा ऐकला की पाठ झाला. गाडी सावकाश आणि रस्ता थोडा उखडलेला असला की खट्. पुन्हा खट्. तसा मोठा नाही, पण दातात अडकलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा. दुसरं काही सुचू देत नाही.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये या शब्दाचा अर्थ दोन मिनिटांत लावून झाला होता. पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, वरचे माउंट, सगळं बदला. एवढं बदलल्यावर आवाज गेलाही असता. पण न कळलेली ओळ सापडत नाही म्हणून अख्खं पानच नव्याने छापावं, असं ते वाचन होतं.

कराडच्या एका बोळातल्या गॅरेजात तिथल्या मेकॅनिक मामांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. हात पुसत विचारलं, “कधी वाजतंय?” मी तोंडाने आवाज काढून दाखवायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. “कसं वाजतंय ते मला ठावं हाय. कधी, ते सांगा.”

कवितेच्या तासाला मास्तर सांगायचे, शब्दाला सुटा अर्थ नसतो, ओळीत बसला की मिळतो. मामा तेच सांगत होते; तीस-पस्तीस वर्षं गाड्यांखाली पाठ टेकून शिकलेले.

हा शब्द इतका श्लिष्ट का, हे कळायला चाकामागे डोकावायला हवं. जुन्या पद्मिनी गाडीला पुढे वर एक आणि खाली एक असे आर्म असत, मध्ये स्प्रिंग, मागे कमानपाटे. कामं वाटून दिलेली असायची. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतर शेव्हरलेच्या ‘कॅडेट’ या छोट्या गाडीसाठी निराळी रचना आखली. ती गाडी बाजारात येण्याआधीच, १९४७ मध्ये गुंडाळली गेली. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५० च्या इंग्लिश फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांच्या पुढच्या चाकांवर त्याची कल्पना धावू लागली. आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या दारात ती आली १९८३ च्या मारुती ८०० बरोबर.

तिचं सौंदर्य काटकसरीत आहे. वरचा आर्म मॅकफर्सनने काढूनच टाकला. शॉकअपची जाड नळी हाच खांब. तोच चाकाला उभं धरतो, त्याच्याभोवतीच स्प्रिंग बसते, आणि स्टिअरिंग वळवलं की तो अख्खा स्वतःभोवती फिरतो. खाली लोअर आर्म आणि बॉल जॉइंट, वर रबरी माउंट आणि त्यातलं बेअरिंग. एका शब्दावर तीन-चार अर्थ तोलणाऱ्या कवीचं हे काम. पण श्लेषाची किंमत वाचकाला मोजावी लागते. यातलं काहीही सैल झालं की आवाज त्याच खांबाने वर चढतो आणि पत्र्यातून कानाशी येतो. वाजतं गुडघ्याखाली, ऐकू येतं डॅशबोर्डमागे.

म्हणून ‘कधी’. मामा एका वेळी एकच प्रश्न विचारत होते, आणि प्रत्येक उत्तरासरशी एकेक अर्थ गळून पडत होता.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं तर वाजतं का? त्यांनी माझ्याकडून स्टिअरिंग फिरवून घेतलं आणि स्वतः चाकावरून हात घालून स्प्रिंगला बोटं लावून बसले. वरचं बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग खांबाबरोबर फिरत नाही. पीळ साठवते आणि मग टण्णकन सुटते. ते बोटांना कळतं. इथे स्प्रिंग गुमान फिरत होती. वळणावर गाडी ओढताना लागोपाठ कट-कट-कट येतं का? तसं असतं तर दोष एक्सलच्या सांध्याचा, म्हणजे प्रकरणच वेगळं. ब्रेक दाबल्यावर एकदा आणि रिव्हर्स घेताना एकदा असा जोडीने येतो का? तो लोअर आर्मच्या बुशाचा पत्ता. बॉल जॉइंटची त्यांनी सवड काढून परीक्षा घेतली: चाक उचललं, खाली टॉमी लावून वर दाबलं, मग वर-खाली धरून हलवलं. बाकीचं काही सुटलं तर गाडी कुरकुरते. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं. तो घट्ट होता.

मग कवितेतली कळीची ओळ आली. “स्पीडब्रेकरवर?”

मी थांबलो. खरंच की! मोठ्या, आडव्या, रस्ताभर पसरलेल्या स्पीडब्रेकरवर गाडी गप्प असायची. ड्रेनेजच्या झाकणावर मात्र बोलायची.

मामा हसले. “दोनी चाकं संगट उचलली की गप. येकच उचललं की बोलती. मग बारच्या लिंक रॉडबिगर कोण आसंल?”

या तर्कावर मी अजून खूश आहे. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक वाकवलेला लोखंडी बार असतो. वळणावर गाडी कलू नये म्हणून. त्याची दोन टोकं बोटाएवढ्या जाड लिंक रॉडांनी दोन्ही खांबांना बांधलेली असतात. दोन्ही चाकं सारखी उचलली की बार आपल्या बुशांत नुसता फिरतो, लिंक रॉडवर फारसा जोर येत नाही. एकच चाक उचललं की बार पिळला जातो, आणि तो पीळ सगळा लिंक रॉडच्या टोकाच्या छोट्या गोळ्यावर येतो. गोळा झिजला असेल तर आधी तेवढी फट भरते, मग जोर लागतो. फट भरतानाचा तो आघात म्हणजे खट्. मोठ्या खड्ड्यात चाक खोल जातं, फट एकदाच ओलांडली जाते आणि बाकीच्या दणक्यात बुडून जाते. बारीक खडबडीत रस्त्यावर तीच फट पुन्हा पुन्हा ओलांडली जाते. सावकाश गाडी, उखडलेला रस्ता. घाटातला माझा सगळा संदर्भ यात जुळला.

अर्थ लागला, तरी मामांनी तो मानला नाही. दोन्ही लिंक रॉड सोडून बाजूला बांधले आणि मला शेजारी बसवून बोळातून अगदी सावकाश दोन फेऱ्या मारल्या. तीच झाकणं, तोच खड्डा. गाडी थोडी जास्त डोलली, पण खट् नव्हता. शब्द ओळीतून उचलून बघितला आणि ओळ अडखळायची थांबली. अर्थ सिद्ध करायची इतकी स्वच्छ रीत मला समीक्षेतही क्वचित भेटली आहे.

परत आल्यावर त्यांनी आधी दोन्ही शॉकअपना हात लावून पाहिला. शॉकअप म्हणजे धक्का खाणारा, अशी आपली समजूत. धक्का खरं तर स्प्रिंग खाते. पण स्प्रिंगला विसरता येत नाही. एकदा दाबली की सेकंदाला एक-दीड हेलकावा घेत ती तोच खड्डा आठवत राहते. शॉकअप तिला विसरायला लावतो. आतला पिस्टन तेल बारीक भोकांतून रेटतो, हेलकाव्याची ताकद उष्णतेत जाते, आणि हवा ती ऊब घेऊन जाते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर दोन्हींना हात लावायचा. जो जोडीदारापेक्षा थंड, तो काम करत नाही. दोन्ही सारखेच कोमट होते. नळीवर ओलसर धूळ होती, पण ओघळ नव्हता. “घाम हाय, गळती न्हाई,” मामा म्हणाले. टायरवरून उलटसुलट तळवा फिरवला. शॉकअप गेलेले असते तर रबरावर टप्प्याटप्प्याने वाट्या पडलेल्या लागल्या असत्या. नव्हत्या. मोठ्या वर्कशॉपने मरायला टेकवलेले शॉकअप असे वाचले.

त्या फेरीत एक गोष्ट मात्र सापडली. ब्रेक लावला की गाडी किंचित डावीकडे सरकायची. खट्कडे कान लागल्यामुळे मला ते जाणवलंच नव्हतं. डाव्या लोअर आर्मच्या बुशाचं रबर चिरलं होतं. ब्रेकसरशी आर्म मागे सरकायचा आणि चाकाचं तोंड फिरायचं. बॉल जॉइंट शाबूत असल्यामुळे अख्खा आर्म न बदलता मामांनी प्रेसवर जुनं बुश काढलं आणि साबणाचं पाणी लावून नवं बसवलं. ग्रीस का नाही, असं मी विचारलं. “त्येल लागलं की रबर फुगतंय, मग कुजतंय.”

आणि आता या कृतीतली माझी सर्वांत आवडती जागा. आर्म जागेवर आला, बोल्ट घातले, पण मामांनी ते आवळले नाहीत. हाताने टेकवून ठेवले. चाक चढवलं, जॅक काढला, गाडी चाकांवर उभी केली, बॉनेट दोनदा दाबून सोडलं. मग खालच्या खड्ड्यात उतरून, गाडीचं सगळं वजन चाकांवर असताना, लांब पान्याने बोल्ट आवळला.

इतका उशीर कशासाठी? बुशाचं रबर आतल्या नि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीला जखडते. आर्म वर-खाली होताना रबरच पिळतं आणि परत येतं. चाक हवेत लोंबत असताना आवळलं, तर रबर ती लोंबती जागा आपलं घर समजतं. गाडी खाली आली की उभ्या-उभ्याच ते पिळलेलं राहतं, विश्रांती कधी नाहीच. मग नवं बुश थोड्याच महिन्यांत फाटतं आणि शिव्या खातो तो बुश बनवणारा. मान वळवलेली असताना फोटो काढून त्यालाच सरळ म्हणावं, तसं ते. बाहेरून दोन्ही बोल्ट अगदी सारखे दिसतात. फरक फक्त कोणत्या क्षणी आवळलं, एवढाच. पुन्हा तोच प्रश्न: कधी.

लिंक रॉड दोन्ही बाजूंचे नवे घातले, कारण उजवाही त्याच रस्त्यांवर चालला होता. अलाइनमेंटला पाठवलं. खर्च आधीच्या अंदाजाच्या जवळपासही गेला नाही.

निघताना मामांनी जुना लिंक रॉड माझ्या हातात दिला. टोकाचा गोळा अंगठ्याने ढकलला, तर नखाच्या जाडीएवढाही हलला नसेल. पण हलला, आणि हातातच बोलला: खट्. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून दाराच्या कप्प्यात टाकला.

घाट उतरताना गाडी शहाण्यासारखी चालत होती. पोफळीच्या अलीकडे अचानक: खट्.

पोटात खड्डा पडला. बाजूला घ्यायला निघालो आणि मामांचा प्रश्न आठवला. थांबलो नाही, ऐकत राहिलो. एका चाकाच्या खड्ड्यात वाजला. रस्ताभर पसरलेल्या स्पीडब्रेकरवरही वाजला. ब्रेकवर वाजला, वळणावर वाजला. असा सर्वकाळ वाजणारा लिंक रॉड असूच शकत नाही.

होता मात्र लिंक रॉडच. दाराच्या कप्प्यात, वर्तमानपत्रातून सुटलेला.