रस्त्यावरचे खाणे आणि मराठी लेखणी

मराठी प्रवासवर्णनाचा संसार आता पुष्कळ वाढला आहे. त्यात देवालये आहेत, नद्या आहेत, सहप्रवाशांचे विक्षिप्त नमुने आहेत. परंतु ज्या दुकानाच्या बाकावर बसून लेखकाने सकाळी चार घास खाल्ले, त्या दुकानाला तेथे क्वचितच जागा मिळते. मिळालीच तर ती एका वाक्याची: ‘येथे आपल्या बटाटेवड्यासारखा एक पदार्थ मिळतो.’ या वाक्याविषयी आम्हांला आज लिहावयाचे आहे. कारण ते पुस्तकांतच असते असे नाही. बदलीच्या गावाहून घरी जाणाऱ्या आपल्या पत्रांतही ते असते, आणि त्याच्या पाठोपाठ बहुधा दुसरे येते, ‘बाकी येथे खाण्यासारखे काही नाही.’

या उदासीनतेचे मूळ जुने आहे. विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापून निघाला. त्या काळच्या सोवळ्यातील प्रवाशाला वाटेवरच्या दुकानाशी कर्तव्य ते शिधासामग्रीपुरते. चूल आपली, हात आपला किंवा आपल्या जातीचा. अशा माणसाने हलवायाच्या कढईचे वर्णन करावे ही अपेक्षाच अन्यायाची होय. सोवळे पुढे गेले. लेखणीचे सोवळे मात्र राहिले, असे आम्हांला वाटते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘माझे खाद्यजीवन’ या लेखाने खाण्याला मराठी ललित गद्यात मानाचे पान दिले खरे, पण त्या लेखाचा आनंद मुख्यतः ओळखीच्या पदार्थांचा आहे. अनोळखी पदार्थासमोर बसलेल्या मराठी माणसाचे काय होते, हा प्रश्न निराळा.

तो पाहण्यास भनपुरीसारखी जागा नाही. रायपुराहून बिलासपूरकडे जाणारा रस्ता शहर सोडता सोडता भनपुरीतून जातो. कारखाने, गोदामे, मालाच्या गाड्या आणि धूळ. पर्यटकाने पाहावे असे येथे काही नाही, म्हणूनच येथील खाणे कोणाला दाखविण्यासाठी मांडलेले नसते. सकाळी पोहे-जिलेबी, मग समोसा, भजी आणि आलुगुंडा. पोहे समोर येताच मराठी माणूस ओल्या खोबऱ्याची उणीव काढतो. जणू पोहे कोकणातून निघून वाटेत खोबरे हरवून येथे पोचले! वस्तुतः याच लोहमार्गावरचे भाटापारा हे पोह्यांच्या गिरण्यांचे गाव आहे. येथून पोहे परप्रांती जातात. भाताच्या मुलखात पोहे पाहुणे नव्हेत. पाहुणे आपण आहोत.

आलुगुंड्याचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. उकडलेला बटाटा, मिरची-मसाला, वर बेसनाचे आवरण. घडणीने हा बटाटेवडाच, हे कोण नाकारील? परंतु तुलना केली तर ती शेवटपर्यंत न्यावी. मुंबईत 1960 नंतरच्या काळात वडा पावात शिरला, तो घाईने कामावर जाणाऱ्याला हातात धरून पोट भरता यावे म्हणून. येथील आलुगुंडा पावावाचून, टोमॅटोच्या चटणीबरोबर खातात. टोमॅटोला छत्तीसगढीत ‘पताल’ हे स्वतंत्र नाव आहे. आमच्या समजुतीप्रमाणे कारण असे, की छत्तीसगढी श्रमिकाचे पोट भरण्याचे काम घरच्या भाताने आधीच केलेले असते. दुकानाकडे उरते ते जिभेचे काम. ‘सारखा’ या शब्दापाशी थांबणाऱ्या लेखकाच्या हातून नेमका हा फरक निसटतो.

त्या घरच्या भाताला येथे ‘बोरे’ किंवा ‘बासी’ म्हणतात. ताजा भात पाण्यात घालून त्याच दिवशी खाल्ला तर बोरे, रात्रभर ठेवून सकाळी खाल्ला तर बासी. सोबत मीठ, कांदा, पालेभाजी. फरा, अंगाकर हे पदार्थही तांदळाच्या पिठात उरलेला भात मिसळून होतात. फऱ्याच्या वळ्या वाफवून त्यांना तिळाची फोडणी देतात. अंगाकर पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. हे पदार्थ घराचे. रस्त्यावरच्या दुकानात ते बेताचेच दिसतात. तेव्हा ‘येथे दुकानात छत्तीसगढी काही मिळत नाही’ या तक्रारीत अर्धे सत्य आहे. ते ओळखूनच 2016 साली रायपुरात वस्तुसंग्रहालयाच्या आवारात गढकलेवा सुरू झाले, आणि 2022 च्या कामगारदिनी खुद्द मुख्यमंत्र्यांनी लोकांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले. पदार्थांना प्रतिष्ठा मिळाली, हे उत्तम झाले. मात्र संग्रहालयाच्या अंगणात फरा खाऊन त्यावर लेख लिहिणे सोपे आहे. तेथे पदार्थ आपली ओळख स्वतःच सांगत असतो.

1956 पर्यंत रायपूरची राजधानी नागपूर होती. त्याही पूर्वी येथे भोसल्यांचा अंमल होता. मराठी कारकून, शिक्षक, वकील येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यांतल्याच माधवराव सप्र्यांनी 1900 साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढला, तो हिंदीत. इतक्या दीर्घ सहवासानंतर ‘अंगाकर’ हा शब्द मराठी लेखात आला की कंसात ‘तांदळाची भाकरी’ लिहावे लागते, ही गोष्ट आम्हांला बोचते. कंसातले ते भाषांतर चुकीचेही आहे. आपल्या भाकरीत शिळा भात नसतो, आणि ती पानांत भाजत नाहीत.

कोणी म्हणेल, भनपुरीच्या धुळीत बसून खाण्याचे हे कौतुक पुरे. कौतुक करा असे आम्ही म्हणतच नाही. चार वेळा तापून काळे पडलेले तेल काळे आहे, हे लिहावेच. छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2023 मध्ये बजावले आहे. कोठे तसे दिसले तर तेही लिहावे. दोष लिहिण्यासाठी सुद्धा कढईजवळ जावे लागते. भट्टी किती वाजता पेटते, बाकावर कोण बसते, चटणी कशाची, दुपारी दुकानात काय उरते, हे पाहणाऱ्याने ‘तेल वाईट होते’ म्हटले तर आम्ही ते मान्य करू; मोटारीच्या काचेआडून म्हणणाऱ्याचे नाही.