‘सिनेमाला जाणे’ : ऱ्हास की अर्थांतर?

१

चित्रपटगृहांचे दिवस भरले, हे विधान अलीकडे इतक्या सहजपणे केले जाते की त्याची छाननी करण्याची आवश्यकताच कुणाला भासेनाशी झाली आहे. या विधानाचे समर्थक बंद पडलेल्या टॉकीजची यादी पुढे करतात. विरोधक एखाद्या चित्रपटाने जमविलेल्या कोटींचा आकडा दाखवितात. दोन्ही पक्षांच्या हाती पुरावा आहे आणि दोन्ही पुरावे खरे आहेत. तरीही वाद मिटत नाही, याचे कारण ज्या क्रियेच्या ऱ्हासाविषयी वाद चालला आहे त्या क्रियेचे स्वरूपच कोणी निश्चित केलेले नाही. सिनेमा पाहणे आणि सिनेमाला जाणे या एकाच क्रियेच्या दोन संज्ञा आहेत असे उभयपक्षी गृहीत धरले जाते. मराठी भाषा मात्र तसे गृहीत धरीत नाही, आणि प्रस्तुत प्रश्नाचे निम्मे उत्तर या भेदात सामावलेले आहे.

प्रथम आकड्यांचा विचार करणे इष्ट. ऑरमॅक्स मीडिया या संस्थेच्या अंदाजानुसार भारतातील चित्रपटगृहांत २०१९ मध्ये सुमारे १०३ कोटी तिकिटे विकली गेली. महासाथीनंतर २०२३ मध्ये ही संख्या सुमारे ९४ कोटी आणि २०२४ मध्ये सुमारे ८८ कोटी होती. उत्पन्न मात्र याच काळात सुमारे १०,९०० कोटी रुपयांवरून सुमारे ११,८०० कोटींवर गेले. म्हणजे जाणारे घटले आणि गल्ला वाढला. सरासरी तिकीट १०६ रुपयांच्या आसपास होते, ते १३४ रुपयांच्या घरात गेले. एक पक्ष पहिली ओळ वाचतो, दुसरा पक्ष दुसरी. दोन्ही ओळी एकत्र वाचल्या म्हणजे दिसते ते असे की ही क्रिया नाहीशी झालेली नसून तिचे कर्ते बदलत आहेत.

परदेशातील अनुभवही येथे उद्बोधक आहे. ब्रिटनमध्ये १९४६ साली सुमारे १६३ कोटी तिकिटे विकली गेली होती. १९८४ साली ती संख्या अवघ्या ५.४ कोटींवर आली. त्या वेळी मोबाइल नव्हता, आंतरजाल घरोघरी पोहोचले नव्हते. पुढे १९८५ पासून बहुपडदा चित्रपटगृहे उभी राहू लागली आणि २०१८ पर्यंत संख्या सुमारे १७.७ कोटींपर्यंत चढली. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ऱ्हास हा शून्यापर्यंत जातोच असे नाही. आणि पुनरुज्जीवन हे मूळच्या जागी परत आणतेच असेही नाही. जे परत आले ते पूर्वीचे नव्हते.

२

आता भाषेच्या साक्षीकडे वळता येईल. मराठीत ‘-ला’ हा प्रत्यय ‘जाणे’ या क्रियापदासह येतो तेव्हा त्याची दोन कार्ये दिसतात. स्थलवाचक नामाला तो लागला तर गन्तव्य सूचित होते : पुण्याला जाणे, गावाला जाणे. प्रसंगवाचक नामाला लागला तर त्या प्रसंगी उपस्थित राहणे सूचित होते : लग्नाला, कीर्तनाला, जत्रेला, सभेला, नाटकाला जाणे. ‘पुस्तकाला गेलो’ असे मराठी माणूस म्हणत नाही, कारण पुस्तक ही वस्तू आहे, प्रसंग नव्हे. याउलट ‘गाण्याला गेलो’ असे तो म्हणतो, पण त्या क्षणी ‘गाणे’ या शब्दाचा अर्थ बदलून ‘मैफल’ असा होतो. प्रत्ययाच्या या प्रयोगात वस्तूचे प्रसंगात रूपांतर करण्याची शक्ती आहे.

या दृष्टीने ‘सिनेमाला जाणे’ हा प्रयोग लक्षणीय ठरतो. सिनेमा ही तत्त्वतः वस्तू आहे. फीत तीच, चित्रे तीच, संवाद तेच. प्रेक्षक आले न आले तरी तिच्यात काडीचा फरक पडत नाही. नाटक किंवा कीर्तन रोज नव्याने घडते, सिनेमा एकदाच घडतो. तरीही मराठीने त्याची गणना पुस्तक आणि चित्र यांच्यात न करता नाटक, कीर्तन आणि जत्रा यांच्यात केली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, तेव्हा त्या प्रेक्षकांच्या अंगी बसणे, दाद देणे, गलका करणे हे सारे संस्कार नाटक, तमाशा आणि कीर्तन यांचेच होते. नवे यंत्र जुन्या उपस्थितीत सामावले गेले. ‘टीव्हीला गेलो’ असा प्रयोग मात्र रूढ झाला नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

तेव्हा भाषेच्या साक्षीने असे म्हणता येईल की सिनेमा पाहणे ही ग्रहणाची क्रिया होय, तर सिनेमाला जाणे ही उपस्थितीची. पहिलीचा ऱ्हास झालेला नाही. इतिहासात कधी नव्हे इतका सिनेमा आज पाहिला जातो. प्रश्न आहे तो दुसरीचा.

येथे एक आक्षेप संभवतो. रूढ शब्दप्रयोग प्रथा संपल्यावरही टिकून राहतात. त्यामुळे व्याकरणावरून समाजाची गणती करणे युक्त नव्हे. आक्षेप रास्त आहे. किती लोक जातात हे भाषा सांगू शकत नाही. त्यासाठी आकडेच हवेत. परंतु जाणे म्हणजे काय होते, हे आकडे सांगू शकत नाहीत. त्यासाठी भाषाच हवी.

३

क्रियेतील बदलाचा माग इतर क्रियापदांतही लागतो. टॉकीजच्या काळात सिनेमा ‘लागत’ असे. ‘भानुविलासला काय लागलंय?’ या प्रश्नात कर्तेपण सिनेमाकडे आहे. प्रेक्षकाच्या इच्छेने तो लागत नाही, आणि लागला आहे तोवर गेले नाही तर तो ‘उतरतो’. आज घरच्या पडद्यावर सिनेमा ‘लावला’ जातो. ‘काय लावू?’ असा प्रश्न येतो. अकर्मक ‘लागणे’ मागे पडून सकर्मक ‘लावणे’ पुढे आले, आणि त्याबरोबर कर्तेपण चित्रपटाकडून प्रेक्षकाकडे सरकले. हा प्रेक्षकाचा लाभ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याने लावला तो थांबवूही शकतो, पुढे ढकलू शकतो, अर्ध्यावर सोडू शकतो. लागलेल्या सिनेमाची आणि त्याच्या प्रेक्षकाची वेळ एकच असे. लावलेल्या सिनेमाला वेळच नाही.

दुसरे क्रियापद ‘चालणे’. सिनेमा चालला की पडला, याचे माप पूर्वी आठवडे हे होते. पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव, पन्नासांचा सुवर्णमहोत्सव. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. ‘शोले’ (१९७५) मिनर्व्हात पाच वर्षे राहिला. दादा कोंडके यांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले. आजचे माप पहिल्या तीन दिवसांची कमाई हे आहे. आठवड्याच्या मापात एक गोष्ट अध्याहृत होती : लोक परत येत होते, आणि आलेले लोक न आलेल्यांना पाठवीत होते. कोटींच्या मापात ती अध्याहृत नाही.

स्थलनामांची साक्षही अशीच आहे. पुण्यातील एका प्रमुख चौकाचे अधिकृत नाव लोकमान्य टिळक चौक असले तरी लोकांच्या तोंडी तो अलका टॉकीज चौकच राहिला. टॉकीज हा गावाच्या नकाशातील बिंदू होता. भेटण्याची जागा, पत्ता सांगण्याची खूण. बहुपडदा चित्रपटगृहातील पडद्याला क्रमांक असतो. ‘ऑडी तीन’ या नावाने कोणताही चौक ओळखला जाण्याचा संभव नाही.

४

ही स्थित्यंतरे एका रात्रीत घडली नाहीत. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण प्रारंभी टीव्ही चाळीत एखाद्याच घरी असे आणि सुटीच्या संध्याकाळी सारी चाळ त्या खोलीत लोटे. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला. तोही एका रात्रीच्या भाड्याने आणून दहा घरांनी मिळून पाहिला. गणेशोत्सवात गल्लीत पडदा बांधून सिनेमा दाखविला जाई, जत्रांतून तंबूतील टुरिंग टॉकीज फिरत. महाराष्ट्रातील या फिरत्या तंबूंच्या अखेरच्या दिवसांवर २०१६ साली ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट निघाला. अर्थात टॉकीजपासून शेजाऱ्याच्या खोलीपर्यंत, तेथून स्वतःच्या घरात आणि अखेर स्वतःच्या तळहातावर, असा ‘जाण्या’चा पल्ला पायरीपायरीने आखूड होत गेला. मार्च २०२० मध्ये चित्रपटगृहे बंद झाली आणि महाराष्ट्रात दुसऱ्या बंदीनंतर ती २२ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. या घटनेने प्रक्रिया सुरू केली नाही, तिला वेग दिला.

जुन्या टॉकीजचा गौरव करताना तिच्यातील विषमता दृष्टिआड करणेही योग्य नव्हे. पिटातील प्रेक्षक आणि बाल्कनीतील प्रेक्षक एकाच छपराखाली होते, शेजारी नव्हते. बायकांना शेवटच्या खेळाला जाणे दुर्घट होते. तिकिटांचा काळाबाजार राजरोस चाले. तरीही एक गोष्ट उरते : पिटातल्या हशाची लाट बाल्कनीपर्यंत जात होती. एकाच विनोदावर दोन वर्ग एकदम हसत होते, हे निरीक्षण क्षुल्लक नव्हे. महागड्या तिकिटाने पिटच नाहीसा केला. विषमता मिटली नाही, तिचा खालचा स्तर सभागृहाबाहेर गेला.

५

या साऱ्याचा चित्रपटकलेशी संबंध काय, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन मराठी चित्रपटांच्या आधारे त्याचे उत्तर देता येईल.

दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम गातो तेव्हा पडद्यावर श्रोतेही असतात. चित्रपटगृहातील प्रेक्षक त्या श्रोत्यांच्याच रांगेत पुढे बसलेला असतो; पडद्यावरील समुदाय आणि पडद्यासमोरचा समुदाय मिळून कीर्तन पुरे होते. एकट्याने पाहिले असता हा चित्रपट सुंदर वाटतो, पण त्याची एक बाजू रिकामी राहते.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) ही याहून तीव्र साक्ष. त्याच्या गाण्यांवर प्रेक्षक आसनांपुढे उभे राहून नाचले, हे सर्वश्रुत आहे. परंतु चित्रपटाचा शेवट निःशब्द आहे : लहान मूल रक्ताची पावले उमटवीत जाते आणि ध्वनी थांबलेला असतो. ही शांतता केवळ पडद्यावर घडत नाही. पूर्वार्धात जे एकत्र नाचले त्यांच्यावरच ती येऊन पडते, आणि त्यांतील प्रत्येकाला शेजाऱ्याचा श्वास ऐकू येतो. जातीच्या नावाने झालेल्या हत्येचे साक्षीदार म्हणून एक समुदाय तेथे, त्या क्षणी, घडविला जातो. शेजारी कोण बसला आहे, तो कोणत्या जातीचा, हे ठाऊक नसणे हाही त्या शांततेचा भाग आहे. मोबाइलवर हाच शेवट पाहणाऱ्याला दुःख होईल; पण त्याच्या दुःखाला साक्षीदार नसतो, आणि पूर्वार्धाच्या जल्लोषात तो सहभागी नसल्यामुळे त्याच्यावर काही उलटतही नाही. चित्रपट तोच, पण त्याचा युक्तिवाद अपुरा राहतो.

म्हणून ‘जाण्या’चा लोप झाला तर एक सवय जाईल इतकेच नव्हे, समुदाय गृहीत धरून रचलेली एक संपूर्ण रचनापद्धती निराधार होईल. मराठी चित्रपटाला हा धोका अधिक आहे. १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ला दादरचे कोहिनूर मिळावे म्हणून शिवसेनेला मध्ये पडावे लागले होते, २०१५ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपटांना मोक्याची वेळ द्यावी असा निर्णय शासनाला घ्यावा लागला. पूर्वीची तक्रार ‘थिएटर मिळत नाही’ अशी होती, आजची ‘शो मिळत नाहीत’ अशी आहे. तक्रारीचे नाम बदलले, क्रियापद तेच राहिले. सकाळी नऊचा एखादा खेळ मिळालेल्या चित्रपटाला कोणी गेले नाही, तर त्यावरून ‘मराठी प्रेक्षक जात नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे कारण आणि कार्य यांची अदलाबदल करणे होय.

प्रतिकूल परिस्थितीतही ही क्रिया कशी जागी होते, याचा दाखला ‘बाईपण भारी देवा’ने २०२३ मध्ये दिला. गटागटाने, नटूनथटून, मैत्रिणी, सासवा-सुना आणि भिशीची मंडळे मिळून स्त्रिया त्याला गेल्या. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’लाही त्या अशाच लोटल्या होत्या. दोन्ही चित्रपटांच्या गुणवत्तेविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु घर सोडून, एकमेकींना बोलावून, तीन तास स्वतःसाठी काढणे ही त्या स्त्रियांची कृती चित्रपटाच्या गुणवत्तेवर सर्वस्वी अवलंबून नव्हती. तिचे मूल्य ‘पाहणे’ या शब्दात मावत नाही. घरातल्या पडद्याने तिची भरपाई होत नाही, कारण तेथे घर सुटत नाही.

निष्कर्ष असा की सिनेमाला जाणे ही नित्याची क्रिया राहिलेली नाही. ती नैमित्तिक झाली आहे. दर आठवड्याचा बाजार जाऊन वर्षाची जत्रा उरली आहे. हा ऱ्हास खराच, पण तो अंत नव्हे. नाटकाविषयीही बोलपटाच्या आगमनानंतर अशीच भाकिते झाली होती आणि ‘नाटकाला जाणे’ हा प्रयोग आजही जिवंत आहे. मात्र जत्रेला जाण्यासाठी गाडीभाडे परवडावे लागते. हा नैमित्तिक प्रसंग कोणाच्या आवाक्यात राहणार, पिटातला प्रेक्षक पुन्हा आत येणार की नाही, यावर त्याचे पुढील रूप ठरेल. तिकिटांच्या बेरजेपेक्षा हा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि अभ्यासकांनी हाती घ्यावा असा तोच आहे.