फर्मानाचा उत्तरार्ध

सरकारी हुकुमाकडे वाङ्मय म्हणून सहसा कोणी पाहत नाही. तथापि ज्या चार-पाच वाक्यांभोवती एका समाजाचा सण उभा राहिला, त्यांची भाषा तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी निघाला. परंतु दूरच्या टेक्सासमध्ये तो अमलात आणील असे सैन्य नव्हते. अखेर १९ जून १८६५ रोजी गॅल्व्हस्टन बंदरात जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी ‘सामान्य आदेश क्रमांक ३’ काढला. सुमारे अडीच लाख गुलामांना तो लागू होता. हाच दिवस ‘जूनटीन्थ’ या नावाने पाळला जातो. टेक्सासच्या विधिमंडळाने १९७९ मध्ये त्यास सुटीचा दर्जा दिला, १९९७ मध्ये मुक्तीच्या इतिहासाचे जतन करण्यासाठी आयोग स्थापन केला आणि २०२१ मध्ये तो दिवस राष्ट्रीय सुटीचा झाला.

आदेशाचा पूर्वार्ध भव्य आहे. सर्व गुलाम मुक्त आहेत, असे तो निःसंदिग्धपणे सांगतो. एवढ्यावर न थांबता पूर्वीचे मालक व गुलाम यांना व्यक्तिगत आणि मालमत्तेच्या हक्कांत पूर्ण समान ठरवतो.

उत्तरार्धात स्वर बदलतो. मुक्त झालेल्यांनी आहे तेथेच शांतपणे राहून मजुरी करावी, लष्करी ठाण्यांवर जमू नये, आळसात बसणाऱ्यांना पोसले जाणार नाही, असे बजावले आहे. ‘आळस’ हा शब्द येथे फार बोचतो. पिढ्यान्‌पिढ्या विनावेतन राबलेल्यांना आळसाची ताकीद! त्यांच्या मागील श्रमांच्या मोबदल्याविषयी मात्र अवाक्षर नाही.

या ठिकाणी आम्हांस पवित्र शास्त्रातील अनुवाद ग्रंथाचा १५वा अध्याय आठवतो. सातव्या वर्षी दासाला मुक्त करताना त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. कळप, खळे व द्राक्षकुंड यांतून त्याला उदार हस्ते द्यावे, अशी तेथे आज्ञा आहे. या मापाने तोलले असता ग्रेंजर यांचा आदेश अपुरा ठरतो. त्याने बेडी तोडली, पण हाती काही दिले नाही. म्हणूनच १८७२ साली ह्यूस्टनमधील मुक्त लोकांनी जॅक येट्स या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने पैसे जमवून मुक्तिदिनासाठी स्वतःची १० एकर जमीन घेतली, ही घटना आम्हांस आदेशाइतकीच मोलाची वाटते.

स्मृती जतन करणाऱ्या कोणत्याही आयोगाची खरी कसोटी हीच, की तो पूर्वार्धासोबत उत्तरार्धही वाचून दाखवतो काय? हा प्रश्न इतरांना विचारताना आपणही त्यातून सुटत नाही. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ स्त्री-पुरुष-बालकांना विकले. त्या पैशातून जॉर्जटाऊन येथील आपल्या महाविद्यालयाचे कर्जही फेडले. १८३९ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. हे आपण अभिमानाने सांगतो. विक्रीची हकिकतही त्याच दमात सांगावयास हवी. २०१७ मध्ये जॉर्जटाऊन येथे विकलेल्यांच्या वंशजांसमोर क्षमायाचना झाली, तेव्हा तो उत्तरार्ध मोठ्याने वाचला गेला.

पश्चात्तापाच्या संस्कारात पाप कबूल करून भागत नाही. घेतलेले परत करावे लागते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवलेला हा धडा इतिहासाच्या वाचनालाही लागू आहे, असे आम्हांस नम्रपणे वाटते.