जमिनीखालचे नेपथ्य : डिस्ने थीम पार्कमधील अदृश्य वास्तू आणि समीक्षेची दृष्टी

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या मोजक्या स्थळांवर सांस्कृतिक समीक्षेने विपुल लेखन केले, त्यांत डिस्नेच्या थीम पार्कांचा क्रम बराच वरचा लागतो. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झाले आणि फ्लोरिडात १ ऑक्टोबर १९७१ रोजी मॅजिक किंगडम. या उद्यानांतील राजवाडे, रस्ते व पात्रे यांचे अर्थ अनेकांनी लावले. मात्र जे दिसू नये म्हणून मुद्दाम योजले गेले, त्याकडे समीक्षेचे लक्ष तुलनेने कमी गेले. प्रस्तुत लेखात या न दिसणाऱ्या बाजूचा विचार करावयाचा आहे. कामाच्या इमारती व यंत्रणा लपवणे हा केवळ सजावटीचा भाग नसून तो श्रमाविषयी घेतलेला एक निर्णय आहे. आणि केवळ चिन्हांचे वाचन करणारी समीक्षा नकळत त्या निर्णयाला साथ देते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

नेपथ्य : एका संज्ञेचे दोन अर्थ

या चर्चेसाठी मराठीतील 'नेपथ्य' ही संज्ञा उपयुक्त ठरते. भरताच्या नाट्यशास्त्रात दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची रचना सांगितली आहे. तेथे नेपथ्यगृह म्हणजे रंगभूमीच्या मागील, नटांनी वेषभूषा करावयाची जागा. आधुनिक मराठी रंगभूमीवर मात्र नेपथ्य म्हणजे प्रेक्षकांसमोर उभी केलेली दृश्यरचना. एकच शब्द पूर्वी झाकलेल्या जागेसाठी होता, तो आज दाखवलेल्या जागेसाठी वापरला जातो. थीम पार्कमध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र येतात : तेथील दृश्यरचना हीच कामाच्या जागेवरचे झाकण असते.

तथापि एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावयास हवा. नाटकात नेपथ्यगृह दिसत नसले तरी ते मान्य केलेले असते. संस्कृत नाटकांत 'नेपथ्ये' या सूचनेने पडद्यामागून आवाज येतो आणि प्रेक्षकाला पडद्यामागच्या जागेची जाणीव होते. थीम पार्कमध्ये पडदाच दिसत नाही. पाहुणा रंगमंचावरच फिरत असतो. त्यामुळे मागची बाजू कोठे आहे, हा प्रश्नच त्याला पडत नाही. विशेष म्हणजे कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वीकारलेली भाषा नाटकाचीच आहे. कर्मचारी हा 'कास्ट मेंबर', त्याचा गणवेश हा 'कॉस्च्युम', पाहुण्यांसमोरची जागा 'ऑनस्टेज' आणि उरलेली 'बॅकस्टेज'.

लपवण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत अडवण्याची. डिस्नेलँडभोवती मातीचा उंच बांध घातला गेला आणि त्यावरून आगगाडी फिरवली गेली. पाहुण्याला ती सफर वाटते. प्रत्यक्षात बाहेरचे शहर दृष्टीआड करणारी ती सीमारेषा आहे.

दुसरी पद्धत विरघळवण्याची. जी यंत्रपेटी, कुंपण वा कोठाराची भिंत झाकता येत नाही, तिला मंद, करडेपणाकडे झुकणारा हिरवा रंग देतात. त्याला 'गो अवे ग्रीन' असे नाव पडले आहे. डोळा त्यावर ठरत नाही, आजूबाजूच्या झाडीकडे वळतो. फ्लोरिडात १९९४ साली डिस्ने-एमजीएम स्टुडिओज या उद्यानात उभारलेल्या 'टॉवर ऑफ टेरर'चा माथा शेजारच्या एपकॉट उद्यानातून दिसतो. म्हणून त्याचे रूप एपकॉटमधील मोरोक्कोच्या दृश्याशी जुळते ठेवले गेले.

तिसरी पद्धत सर्वांत सूक्ष्म आहे : अडचणीलाच कथेचे रूप देणे. डिस्नेलँडमधील 'हॉन्टेड मॅन्शन'चा दर्शनी भाग १९६३ साली पूर्ण झाला, प्रत्यक्ष सफर मात्र १९६९ साली सुरू झाली. सफरीची खरी इमारत प्रचंड असल्याने ती बांधापलीकडे ठेवावी लागली. पाहुण्यांना आगगाडीच्या मार्गाखालून तेथवर नेणे भाग होते. त्यासाठी एक खोली रचली गेली. तिच्या भिंती ताणल्या जात असल्याचा भास होतो. वस्तुतः खोलीची जमीनच उद्वाहकाप्रमाणे खाली जात असते. फ्लोरिडातील प्रतिकृतीत खाली उतरण्याची गरज नव्हती. तेथे तोच भास निर्माण करण्यासाठी छत वर उचलले जाते. मूळ कारण संपले तरी त्यातून जन्मलेली कथा टिकून राहिली, असे म्हणता येईल.

जमीन की छप्पर?

या तिन्ही पद्धतींचा परमोत्कर्ष मॅजिक किंगडमच्या 'युटिलिडॉर' या भुयारी मार्गांत दिसतो. 'काउबॉय'च्या वेषातील एक कर्मचारी भविष्यकालीन 'टुमॉरोलँड'मधून जाताना वॉल्ट डिस्ने यांना खटकला आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. डिस्ने यांचे निधन डिसेंबर १९६६ मध्ये झाले. त्यामुळे ही रचना पूर्ण झालेली त्यांना पाहता आली नाही. फ्लोरिडात भूजलाची पातळी फार वर आहे, खोल खोदणे शक्य नव्हते. म्हणून मार्ग जवळजवळ जमिनीच्या पातळीवरच बांधले गेले, शेजारचे सरोवर खणताना निघालेली माती त्यांच्याभोवती भरली गेली आणि वर उद्यान उभारले गेले. खाली माल वाहून नेला जातो, कर्मचारी ये-जा करतात, जेवतात; तेथूनच तारा व नळ जातात. वरचा कचरा स्वीडिश तंत्राच्या हवेच्या नळ्यांतून ओढून नेला जातो.

या रचनेचा साधा पण गंभीर अर्थ असा, की पाहुणा ज्याला जमीन समजतो ते दुसऱ्या कोणाच्या तरी कामाच्या जागेचे छप्पर असते. तो वरच्या मजल्यावर चालत असतो आणि त्याला ते ठाऊक नसते.

समीक्षेची मर्यादा

उंबेर्तो इको यांनी १९७५ सालच्या निबंधात डिस्नेलँडमधील रस्त्याचे मार्मिक निरीक्षण केले : बाहेरून खेळण्यातली घरे, आत मात्र खरीखुरी खरेदी. झाँ बोद्रियार यांनी १९८१ साली त्यापुढे जाऊन म्हटले, की उर्वरित अमेरिका खरी वाटावी म्हणून डिस्नेलँडला काल्पनिक म्हटले जाते. हे दोन्ही विचार मौलिक आहेत. 'अतिवास्तव प्रतिमा' ही चर्चा आपल्याकडेही त्यांच्यामुळेच रुळली. परंतु दोघांचीही नजर प्रतिमेवर स्थिरावते. इको दर्शनी भागामागे दुकान पाहतात, दुकानामागचा कामगार पाहत नाहीत. अ‍ॅलन ब्रायमन यांनी २००४ साली श्रमाला आपल्या विवेचनात स्थान दिले. मात्र त्यातील भर पाहुण्यांसमोर केल्या जाणाऱ्या, हसऱ्या चेहऱ्याच्या श्रमावर आहे. कचऱ्याच्या नळ्या आणि भुयारातील वाटा तेथेही गौणच राहतात.

यावर एक आक्षेप संभवतो. लपवणे कोठे नसते? घराचे स्वयंपाकघरही बैठकीपासून दूर असते. शिवाय मागची जागा कामगाराला विसावाही देते. अर्व्हिंग गॉफमन यांनी दाखविल्याप्रमाणे मुखवटा उतरवण्याची मुभा माणसाला तेथेच मिळते. हा आक्षेप रास्त आहे, आणि भिंती पाडाव्यात असे येथे सुचवावयाचेही नाही. प्रश्न वेगळा आहे : मागची बाजू केव्हा आणि कोणाच्या इच्छेने दाखवली जाते? कंपनीने पुढे शुल्क आकारून याच भुयारांची मार्गदर्शित सफर सुरू केली. डीन मॅकॅनेल यांनी १९७३ सालीच दाखवून दिले होते, की पर्यटकाला दाखवलेली 'मागची बाजू' हीदेखील रचलेली असू शकते.

समारोप

मे २०२४ मध्ये डिस्नेलँडमधील पात्रे साकारणाऱ्या व मिरवणुकांत काम करणाऱ्या कलावंतांनी ९५३ विरुद्ध २५८ मतांनी 'अ‍ॅक्टर्स इक्विटी असोसिएशन' या नटांच्या संघटनेकडे आपले प्रतिनिधित्व सोपवले. सुमारे सात दशके ज्या उद्यानाने नाटकाची भाषा वापरली, तेथील मुखवट्याआडच्या माणसांनी त्या भाषेचा अर्थ गंभीरपणे घेतला : आम्ही नट असू, तर नटांचे हक्कही आमचे आहेत. कोणत्याही सिद्धांतापेक्षा या मतदानाने नेपथ्यगृहाचे अस्तित्व अधिक स्पष्टपणे उघड केले.

यापुढे थीम पार्कचेच नव्हे, तर कोणत्याही रचलेल्या स्थळाचे वाचन करताना समीक्षकाने दोन आराखडे समोर ठेवणे आवश्यक ठरते : एक पाहुण्याला दिलेला आणि दुसरा कामगार वापरतो तो. पहिल्या आराखड्यात स्थळाचा अर्थ सापडेल; तो अर्थ रोज कोण आणि कोणत्या किमतीत उभा करते, हे मात्र दुसऱ्यातच कळेल.